लुंगालुंगाची शीव

“पासपोर्ट चार,” खिडकीमागचा अधिकारी म्हणाला, “आणि बायका दोन.”

पत्ते मांडावेत तसे त्यानं ते चारही पासपोर्ट टेबलावर एका ओळीत मांडले. दोन निळे, केनियाचे. दोन गडद लाल, ब्रिटनचे. मग त्यानं मान वर करून आधी माझ्याकडे आणि नंतर शरयूआत्याकडे पाहिलं. आत्या आपल्या बटव्याचे बंद शांतपणे ओढून घेत होती, भाजीवाल्याचा हिशेब चुकता केल्यासारखी.

“आत्या, सगळे कशाला दिलेस?” मी मराठीत पुटपुटले.

“त्यानं पासपोर्ट मागितले. मी दिले.”

“माझा एकच द्यायचा होता ग. आणि बाबांचा तर...”

“तू गप्प राहा जरा. मोठं माणूस आहे ना बरोबर?”

आमच्या घराण्याची ही जुनी रीत. प्रवासात सगळ्यांचे कागद वयानं सर्वांत मोठ्या माणसाकडे. बाबा होते तोवर ते त्यांच्याकडे असत, आणि चाळिशी ओलांडलेली मी विमानतळावर शाळकरी मुलीसारखी त्यांच्या मागे उभी राहत असे. त्या दिवशी सकाळी मोंबासाहून निघताना आत्यानं हात पुढे केला आणि मी पाकीटच तिच्या हातात ठेवलं. त्यात माझे दोन पासपोर्ट आहेत, बाबांचाही आहे, कुठला कुठं दाखवायचा, हे सांगायचं मला सुचलं नाही. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. त्या दिवसांत मला बरंच काही सुचत नसे.

ही केनियाची दक्षिणेकडची शीव. गावाचं नाव लुंगालुंगा. पलीकडे टांझानिया, आणि त्या किनाऱ्यानं आणखी खाली गेलं की टांगा नावाचं बंदर. बाबा आणि आत्या तिथं जन्मले, तिथंच वाढले. “माझ्या अस्थी टांग्याच्या समुद्रात,” बाबांनी लेस्टरच्या इस्पितळात सांगितलं होतं. का, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. बाबांना कारण विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पुण्याचा चुलतभाऊ फोनवर वैतागला होता. “टांगा? अगं, घोड्याचा का? नाशिक सोडून हे काय काढलंस? काकांना शेवटी भ्रम झाला असेल.”

बाबा बाहेर गाडीत होते. म्हणजे तांब्याचा गडू, त्याच्या तोंडाला बांधलेलं पांढरं फडकं, आणि तो ज्या पिशवीत होता ती खादीची पिशवी. सकाळी आत्यानं मागच्या सीटवर ती पिशवी ठेवून तिला पट्टा बांधला होता, आणि मोंबासा सोडल्यापासून ती तिच्याशी बोलत होती. अस्थी नेताना गेलेल्या माणसाला वाट सांगत न्यायची, नाहीतर ते मागेच रेंगाळतं, असं माझी आजी म्हणत असे म्हणे. “दादा, पाणी आलं. फेरीबोटीत चढतोय हं.” “दादा, पूल आला.” “दादा, ही उकुंडाची वळणं, आता बाजार लागेल.” ड्रायव्हर हमिसीनं न सांगता रेडिओ बंद केला होता. मला संकोच वाटत होता. मी बाहेरची नारळाची झाडं बघत बसले होते.

“आणि एक लक्षात ठेव,” आत्यानं वाटेत बजावलं होतं. “अस्थी एकदा निघाल्या की मागे फिरवायच्या नाहीत. काही झालं तरी नाही.”

अधिकाऱ्याच्या छातीवर मुटुआ असं नाव होतं. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. आत्याचा पासपोर्ट त्यानं चटकन पाहून बाजूला ठेवला. मग माझे दोन्ही उचलले, एकेका हातात एक.

“उल्का रघुवीर टिपणीस,” त्यानं निळ्यातलं वाचलं. “उल्का हार्डिंग,” लालमधलं वाचलं. “जन्मतारीख तीच. चेहरा तोच. बाई, तुम्ही कोण?”

“दोन्ही मीच. हार्डिंग हे लग्नानंतरचं. मी दोन्ही देशांची नागरिक आहे.”

“चालतं. आता कायद्यानं चालतं. केनियात कधी आलात?”

“गेल्या आठवड्यात. नैरोबीला.”

त्यानं निळा पासपोर्ट पान न् पान उलटला. कोरा होता. “या बाई आलेल्याच नाहीत.” मग लाल उघडला. त्यात व्हिसा होता, शिक्का होता. “या आल्यात. पाहुण्या म्हणून, पैसे भरून. आता बाहेर पडताना मात्र घरच्या झाल्या. मी काय समजू?”

“लंडनला विमानात चढताना लाल दाखवला होता. उतरले तेव्हा तोच हातात होता.”

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. नैरोबीला दोन रांगा होत्या. नागरिकांच्या रांगेतला माणूस प्रत्येकाला “करिबू न्युम्बानी” म्हणत होता, घरी स्वागत असो. हातात ती पिशवी घेऊन मला ते ऐकवलं नसतं. मी जाऊन पाहुण्यांच्या रांगेत उभी राहिले. पण हे असल्या खिडकीतून कुणाला कसं सांगणार?

मुटुआ स्वाहिलीत काहीतरी म्हणाला. मी नुसती बघत राहिले.

“केनियाची नागरिक,” तो पुन्हा इंग्रजीवर आला, “आणि स्वाहिली येत नाही.”

“येत होतं. नऊ वर्षांची होते तेव्हा.”

आत्यानं मध्येच तोंड घातलं. ती काय बोलली ते कळलं नाही, पण त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला.

“काय सांगितलंस त्याला?”

“म्हटलं, पोरीला बर्फात ठेवली होती, शब्द गोठलेत. महिनाभर मोंबासाच्या उन्हात ठेवते, वितळतील.”

पण तो कोपरा लगेच जागेवर आला होता. त्यानं चौथा पासपोर्ट उचलला.

“रघुवीर विनायक टिपणीस. हे गृहस्थ कुठायत?”

“गाडीत,” आत्या म्हणाली.

त्यानं खिडकीतून वाकून बाहेर पाहिलं. हमिसी गाडीच्या सावलीत उकिडवा बसून शेंगा खात होता. “गाडीत कुणी नाही.”

“आहे. मागे बसलाय. पट्टा लावून.”

“आत्या!”

“खोटं बोलले का मी?”

मुटुआ उठला आणि बाहेर आला. आम्ही त्याच्या मागून गेलो. ऊन एवढं होतं की गाडीच्या पत्र्यावर हात ठेववत नव्हता. त्यानं काचेला नाक लावून आत पाहिलं, पिशवी पाहिली, पिशवीला बांधलेला पट्टा पाहिला.

“यात काय आहे?”

“माझे वडील,” मी म्हणाले, आणि पर्समधून दहनाचा दाखला काढून त्याला दिला.

त्यानं तो उन्हात उभं राहून सावकाश वाचला. मग गाडीपासून एक पाऊल मागे सरला आणि आत गेला. आम्ही पुन्हा खिडकीशी आलो तेव्हा त्याचा आवाज मऊ झाला होता. बोलणं मात्र मऊ झालं नव्हतं.

“बाई, तुम्ही माझ्या खुर्चीत बसून बघा. एका बाईची दोन नावं. एका नावानं देशात येते, दुसऱ्या नावानं बाहेर जायला बघते. तिच्याजवळ गेलेल्या माणसाचा पासपोर्ट, अजून रद्द न केलेला. उद्या हा पासपोर्ट घेऊन तिसराच कुणी इथून निघून गेला, तर शिक्का माझा असेल.”

“तो परत पाठवायचाच होता. राहून गेलं.”

“असेल. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण मला मोंबासाला वरच्यांना विचारावं लागेल. आज काही ते होत नाही, आता सोमवार. तोवर पासपोर्ट इथं राहतील. तुम्ही परत जा.”

“माझं लंडनचं विमान रविवारी आहे.”

“ते पुढं ढकला.”

“माझी रजा संपतेय. आणि यांना...” मी गाडीकडे हात केला.

आत्याला इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं. आयुष्यभर शाळेत तेच शिकवलं होतं तिनं. तरी मी तिला मराठीत सांगितलं, जणू मराठीत ते थोडं कमी वाईट वाटेल. “आत्या, परत जा म्हणतोय.”

“ऐकलं मी.”

“मग आता?”

“परत नाही जायचं.” ती पदर खांद्यावरून ओढून घेत म्हणाली, “तू तिथं बाकावर बस.”

“भांडू नकोस ग. अजून बिघडेल.”

“भांडायला मी काय तुझ्यासारखी वकिलाशी लग्न केलेली आहे? बस तिकडे.”

मी भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसले. आत्यानं खिडकीच्या फळीवर दोन्ही तळवे ठेवले आणि ती बोलू लागली. हळू, न थांबता, वर्गात धडा समजावून सांगावा तशी. स्वाहिलीतले दोनच शब्द मला ओळखता आले: मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ. लहानपणी या दोन शब्दांवर आम्ही खूप हसायचो. आत्या एकदा अडसराच्या बांबूपलीकडच्या रस्त्याकडे बोट करत होती, एकदा मी बसले होते त्या बाकाकडे. मध्येच तिनं इंग्रजीत एक साल उच्चारलं, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. मुटुआनं काहीतरी विचारलं. तिनं एका शब्दात उत्तर दिलं. आत्याच्या मागे रांगेत एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन उभी होती. तीही आणि तिच्यामागची माणसंही कान देऊन ऐकत होती. त्यांना सगळं कळत होतं. न कळणारी तिथं मी एकटीच.

मुटुआनं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. मग मला हाक मारली.

“ज्या दारानं आलात त्या दारानं जा,” तो म्हणाला आणि लाल पासपोर्टवर शिक्का मारला. “पलीकडे व्हिसा काढावा लागेल, पैसे पडतील. निळ्यावर फुकट गेला असतात. पुढच्या वेळी नैरोबीला आमच्या रांगेत उभ्या राहा. आणि दोन्हीकडचं नागरिकत्व आहे हे कचेरीत जाऊन रीतसर नोंदवा. नाहीतर लपवल्यासारखं होतं.”

“नोंदवते,” मी म्हणाले.

आत्याच्या पासपोर्टवर शिक्का बसला. मग त्यानं बाबांचा घेतला. पानं उलटली. स्पेन, भारत, कॅनडा, पुन्हा भारत. एक कोरं पान आलं तिथं तो थांबला. आत्या त्याच्या हातातल्या शिक्क्याकडे बघत होती, श्वास रोखल्यासारखी. तेव्हा मला कळलं की तो पासपोर्ट तिनं चुकून दिलेला नव्हता.

“हे मला करता येणार नाही, मामा,” तो इंग्रजीत म्हणाला.

“ठाऊक आहे मला,” आत्या म्हणाली. “विचारून पाहिलं.”

त्यानं तो पासपोर्ट दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

आम्ही गाडीत बसलो. हमिसीनं गाडी अडसरापाशी नेली. तिथल्या पहारेकऱ्याला बाजूला करून मुटुआ स्वतः येऊन उभा राहिला होता. त्यानं हात वर करून आम्हाला थांबवलं. तो चालत मागच्या दाराशी आला, काच खाली करायची खूण केली, आणि वाकून पिशवीकडे बघत म्हणाला, “शिकामू, म्झे.”

धाकट्यानं थोराला, म्हणजे म्झेला, करायचा नमस्कार तो. एवढं स्वाहिली माझ्यात शिल्लक होतं. तो थोरानं स्वीकारायचा असतो, एका ठरलेल्या शब्दानं. तो शब्द बाबांच्या वतीनं आत्यानं उच्चारला. “मरहबा.”

मुटुआनं बांबू वर केला.

केनियाची चौकी आणि टांझानियाची चौकी यांच्यामध्ये तेव्हा काही मैल नुसताच रस्ता होता. आता तिथं दोन्ही देशांची मिळून एकच व्यवस्था झाली आहे म्हणे. तेव्हा दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं होती, मध्येच एखादं बाओबाबचं झाड, आणि माणूस कुणी नाही. आत्या वाट सांगायची थांबली होती.

“काय सांगितलंस त्याला?” मी विचारलं.

“दादानं तुला कधी सांगितलं नाही ना?”

“काय?”

“मला वाटलंच.” तिनं पाण्याची बाटली उघडली, न पिताच पुन्हा बंद केली. “तू लहान होतीस. तुम्ही इंग्लंडला जायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दोन्ही सरकारांचं बिनसलं होतं, शीव बंद होती. माणूस, माल, विमानं, सगळं बंद. मी टांग्यातच होते, आईजवळ. आई आजारी पडली. मी दादाला तार केली. तो नैरोबीहून निघाला. कुणी सांगितलं की लुंगालुंगाचा साहेब दयाळू आहे, सोडेल. म्हणून इथं आला. निळा पासपोर्ट होता जवळ, सगळं नीट होतं. पण शीवच बंद, तर पासपोर्ट काय करणार?”

“मग?”

“बसला बाकावर. रात्री तिथंच झोपला. साहेब खरंच दयाळू होता. चहा द्यायचा, पण सोडायचा अधिकार त्याला नव्हता. तिसऱ्या देशातून वळसा घालून यायचं तर तेवढा वेळ आईला नव्हता. शेवटी दादा परत गेला.”

मी पिशवीकडे पाहिलं नाही. समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. वर्षभरापूर्वी लंडनला निळ्या पासपोर्टच्या रांगेत बाबा दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्यासोबत उभे राहिले होते. मला तो नको होता. एक आहे की, म्हणाले होते मी. “दारं दोन असावीत,” एवढंच ते म्हणाले होते. म्हाताऱ्या माणसाची भीती, असं वाटलं होतं मला.

“आणि आजी?” मी विचारलं.

“आई विचारायची, रघू आला का? मी म्हणायची, निघालाय. सकाळी विचारलं तरी निघालाय, दुपारी विचारलं तरी निघालाय. खोटं नव्हतं ते. निघालाच होता.” आत्या खिडकीबाहेर बघत होती. “शेवटी शेवटी मला म्हणाली, नैरोबी एवढं लांब आहे का ग?”

हमिसीला मराठी येत नव्हतं, पण त्यानं गाडीचा वेग कमी केला.

टांझानियाच्या चौकीत पंख्याखाली एक तरुण अधिकारी बसला होता. मी लाल पासपोर्ट आणि पैसे पुढे केले. त्यानं व्हिसा चिकटवला, शिक्का मारला, जांभई दिली. आत्याच्या पासपोर्टवर शिक्का मारला. “करिबू,” म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. पिशवीबद्दल विचारलं नाही, नावाबद्दल विचारलं नाही.

आम्ही बाहेर येऊन पायरीवर उभ्या राहिलो.

“झालं?” आत्यानं विचारलं.

“झालं.”

“एवढंच?”

“एवढंच ग.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग ती पदर तोंडाला लावून हसू लागली. मीही हसू लागले. बाबा गेल्यापासून मी हसले नव्हते, आणि रडलेही नव्हते. त्या पायरीवर काय चाललं होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. हमिसी गाडीतून उतरून आला. त्याला वाटलं, आम्हाला परत पाठवलं.

टांग्याला पोचलो तेव्हा भरती होती. आत्यानं जागा बरोबर दाखवली. बंदराच्या अलीकडे, एका जुन्या दगडी धक्क्याच्या पायऱ्या पाण्यात उतरतात तिथं. आजीच्या अस्थी तिनं एकटीनं तिथंच सोडल्या होत्या. भटजी नव्हता, मंत्र नव्हते. “तू सोड,” ती म्हणाली. “लेक आहेस.” मी गुडघाभर पाण्यात उतरले, फडकं सोडलं आणि गडू कलता केला. राख क्षणभर पाण्यावर राहिली. मग एक लाट आली, तिनं ती सगळी एकदम आत ओढून घेतली. माझे हात हलके झाले.

आत्या माझ्या मागून पाण्यात आली होती. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, पण तिनं ती वर खोचली नव्हती. भिजली तर भिजली. तिनं हात जोडले नाहीत. अंगणातून घरात हाक मारावी तशी, मोठ्यानं, समुद्राकडे तोंड करून ती म्हणाली,

“आई, रघू आला ग!”

दूर होडीतल्या दोघा कोळ्यांनी वळून पाहिलं. आत्यानं त्यांनाही हात केला.